ओलीने वाकलेला मनोरा, वाढत जाणारी भिंत : श्टुटगार्टच्या आसपासची भटकंती

सोमवार, श्टुटगार्ट

जीवसृष्टीपासून प्रेरणा घेतलेली वास्तुकला म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कमळाच्या किंवा शंखाच्या आकाराची इमारत येते. त्या आकारांची मला फारशी ओढ नाही. झाड किंवा किडा आपलं काम कसं करतो ते आधी समजून घ्यायचं, आणि त्यातलं काही काम भिंतीला, छपराला करायला लावायचं, असे प्रयोग पाहायचे म्हणून मी जर्मनीच्या नैऋत्य भागात आले. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात असे प्रयोग एकमेकांपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर उभे आहेत. भाची मुक्ता इथे गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे मुक्कामाचीही सोय होती. पुण्याहून श्टुटगार्टला नोकरीसाठी आलेली बरीच मंडळी आहेत. तिच्या बिल्डिंगमध्ये जिन्यातच फोडणीचा वास आला.

ताणलेल्या, हलक्या छपरांसाठी ओळखले जाणारे जर्मन वास्तुविशारद फ्राय ओट्टो यांच्यापासून सुरुवात करायची हे घरूनच ठरलं होतं. एस-बान या लोकलने 'उनिव्हेर्सिटेट' स्टेशनवर उतरून फायहिंगेनच्या कॅम्पसमध्ये गेलं की झाडांत एक तंबू दिसतो. 1967 च्या माँट्रियल एक्स्पोतल्या जर्मन पॅव्हिलियनची आधी चाचणी घ्यायला म्हणून हा तंबू उभा केला होता. नंतर त्यावर पक्कं छप्पर घालून त्याचीच संस्था केली. एका खांबावरून तारांचं जाळं खाली उतरतं, आणि वर डोळ्याच्या आकाराची काच आहे. फ्राय ओट्टो साबणाच्या पाण्यात तारेच्या चौकटी बुडवून बघायचे. साबणाचा पापुद्रा आपल्या मर्जीनुसार ताणला जात नाही, तो आपोआप कमीत कमी क्षेत्रफळाचा आकार घेतो. तो आकार मोजायचा आणि त्यावरून छप्पर बांधायचं. 1961 पासून ते योहान-गेरहार्ड हेल्मके या जीवशास्त्रज्ञाबरोबर बसून डायटम या सूक्ष्म शैवालांची कवचं अभ्यासत होते. म्युनिकचं 1972 चं ऑलिंपिक छप्पर सगळ्यांना माहीत आहे. पण त्यामागे जीवशास्त्रज्ञाबरोबरची ही बैठक होती, हे आपल्या आर्किटेक्चर कॉलेजात मला कोणी सांगितलं नव्हतं. 2015 मध्ये त्यांना वास्तुकलेतलं प्रिट्झकर पारितोषिक जाहीर झालं, त्याच्या आदल्याच दिवशी ते गेले होते.

तंबूपासून थोड्याच अंतरावर 36.5 मीटर उंचीचा, बारा मजली सांगाडा उभा आहे. 2021 मध्ये उभारलेल्या या प्रायोगिक इमारतीच्या खांबांत आणि तिरप्या पट्ट्यांत हायड्रॉलिक सिलिंडर बसवले आहेत. वारा आला की सेन्सर हालचाल टिपतात आणि सिलिंडर उलट जोर लावून ती शमवतात. आपण वर्षातून एखाद्याच वेळी येणाऱ्या वादळासाठी इमारतीत कायमचं जास्तीचं लोखंड घालून ठेवतो. तेवढंच स्नायूंवर भागवता आलं तर किती टन सामान वाचेल, असा यामागचा विचार आहे. विचार पटला. पण वीज आणि सेन्सर यांच्यावर जीव टांगलेली इमारत मला अजून परकी वाटते. मला पाहायचं होतं ते याच्या उलट टोकाचं, म्हणजे वीज न लागता चालणारं.

संध्याकाळी मुख्य स्टेशनवर नव्या भुयारी स्थानकाचं काम पाहिलं. वास्तुविशारद क्रिस्टोफ इंगेनहोफेन यांनी 1997 मध्ये त्याच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली होती, आणि छपराचा आकार शोधण्यात फ्राय ओट्टो त्यांच्याबरोबर होते. काँक्रीटचे 28 पेले वर उमलत जातात आणि त्यांच्यातून खाली उजेड येतो. हे सेंटरिंग करणाऱ्या सुतारांना मनापासून नमस्कार.

मंगळवार, उरबाख आणि श्वेबिश ग्म्युंड

रेम्स नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या लोकलने उरबाखला उतरलो. गाव ओलांडलं की सफरचंदांच्या जुन्या बागा लागतात. गवतात फळं पडलेली होती. चढणीवरून मनोरा लांबूनच दिसतो: चौदा मीटर उंच, फिक्या लाकडाचा, पीळ घातल्यासारखा.

आपल्याकडे पावसाळ्यात दार फुगतं. मग सुतार येतो, रंधा मारतो, आणि हिवाळ्यात तेच दार फटी दाखवतं. लाकूड ओल शोषतं तेव्हा रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. बांधकामात आम्ही आयुष्यभर या हालचालीशी भांडतो. वाळलेलं लाकूड मागतो, खिळे ठोकतो, फटी बुजवतो. उरबाखच्या मनोऱ्यात याच हालचालीला कामाला लावलं आहे.

त्याची रीत अशी. स्प्रूसच्या फळ्यांचे दोन थर घ्यायचे, एकाच्या रेषा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवून सपाट असतानाच चिकटवायचे. या वेळी लाकडात सुमारे 22 टक्के ओल असते. मग ते भट्टीत घालून 12 टक्क्यांपर्यंत वाळवायचं. एक थर आकसतो, दुसरा त्याला अडवतो, आणि सगळी फळी स्वतःहून वाकते. पाइनचं बोंड कोरड्या हवेत उघडतं आणि ओल लागली की मिटतं, तेच हे तत्त्व. बोंड झाडावरून पडून मेलेलं असलं तरी उघडमीट चालूच राहते, कारण ती पेशींच्या जिवंतपणावर अवलंबून नाही, रेषांच्या मांडणीवर आहे. किती वाकेल हे कॉम्प्युटरवर आधीच काढलेलं असतं. वाकलेल्या फळ्या एकमेकींवर चिकटवल्या की तो बाक कायमचा पक्का होतो.

श्टुटगार्ट विद्यापीठातल्या आखिम मेंगेस आणि यान क्निपर्स यांच्या संस्थांनी हे 2019 मध्ये केलं. भट्टी आणि सुतारकाम स्वित्झर्लंडमधल्या ब्लूमर लेमान या कंपनीचं. मनोऱ्याला बारा वक्र भाग आहेत, आणि उभारणी चार कारागिरांनी एका दिवसात केली. भिंतीची जाडी फक्त 90 मिलिमीटर. मी कडेला हात ठेवून वीत मोजली तेव्हाच विश्वास बसला. चौदा मीटर उंचीसाठी एवढीशी जाडी पुरते, कारण वाकलेली भिंत सपाट भिंतीपेक्षा कितीतरी ताठ असते. बाक हीच तिची ताकद आहे आणि तो बाक सुकण्यातून फुकट मिळाला आहे. एरवी जाड लाकूड वाकवायचं तर वाफ, साचे आणि अवजड दाबयंत्रं लागतात.

आत शिरल्यावर लाकडाच्या रेषा वर चढत जातात आणि एका बाजूच्या उघडीपीतून सगळं खोरं दिसतं. एक आजोबा नातीला घेऊन आले होते. ती भिंतीला पाठ लावून बाकाप्रमाणे स्वतः वाकून बघत होती. मुक्ता म्हणाली, "मावशी, भट्टीतून फळी हवी तशी वाकली नाही तर?" प्रश्न योग्य होता. लाकडाची प्रत्येक फळी वेगळी असते, म्हणून आधी प्रत्येकीची ओल आणि रेषांची दिशा मोजतात आणि त्याप्रमाणे जोड्या लावतात. जुना सुतारही हेच करतो, फळी हातात घेऊन रेषा बघतो. इथे ती नजर आकड्यांत आली आहे. या रीतीने आता आणखी उंच बांधता येतं. वांगेन गावात 2024 च्या उद्यान प्रदर्शनासाठी वीस मीटरहून उंच मनोरा उभा राहिला.

दुपारी त्याच रेल्वेने पुढे श्वेबिश ग्म्युंड. तिथल्या वनविभागाच्या पॅव्हिलियनचा आधार समुद्री साळ (सी अर्चिन) या प्राण्याचा, त्यातही चपट्या 'सँड डॉलर' जातीचा. त्याचं कवच चुन्याच्या लहान लहान पट्ट्यांचं असतं, आणि पट्ट्यांच्या कडा बोटांत बोटं गुंतवल्यासारख्या अडकतात. एका बिंदूत तीनच पट्ट्या भेटतात, त्यामुळे कवच वाकण्याऐवजी दाब कडेकडेने पुढे देतं. इथे 50 मिलिमीटर जाडीच्या बीच प्लायवूडच्या 243 पट्ट्या आहेत, एकही दुसरीसारखी नाही, आणि रोबोने कापलेले साडेसात हजारांच्या आसपास फिंगर जॉइंट आहेत. 2014 पासून ते उभं आहे. जोड नीट बघितले, फटी कुठेच नव्हत्या. उरबाखपुढे मात्र हे मला थोडं कमी वाटलं. इथे प्राण्याकडून रचना घेतली, पण काम सगळं यंत्राने केलं. तिथे लाकडाने स्वतः केलं.

एक गोष्ट या दोन्ही ठिकाणी फिरताना लक्षात आली. या प्रयोगांना पैसा आणि जागा देणारी माणसं बांधकाम कंपन्यांतली नाहीत, ती उद्यान प्रदर्शनांची आहेत. राज्यातलं एखादं गाव उन्हाळाभर फुलं आणि बागा मांडतं, त्या निमित्ताने नदीकाठ सुधारतो, आणि त्याच खर्चात एखादी धाडसी छोटी इमारत बसते. रेम्स खोऱ्यात 2019 ला सोळा गावांनी सोळा वेगवेगळ्या वास्तुविशारदांकडून एकेक छोटं बांधकाम करून घेतलं, उरबाखचा मनोरा त्यातलाच. आपल्या नगरपालिकाही दरवर्षी बागांवर खर्च करतात. त्यात एक प्रायोगिक मंडप बसवणं खरंच अवघड नाही.

बुधवार

पाऊस. मुक्ताचं ऑफिस होतं. मी घरीच थांबून टिपणं लिहिली.

गुरुवार, फ्रायबुर्ग

कार्ल्सरूहेला गाडी बदलून फ्रायबुर्ग. इथलं विद्यापीठाचं वनस्पती उद्यान 1620 पासूनचं आहे, आणि थोमास श्पेक हे त्याचे संचालक वनस्पतींच्या यांत्रिकीचे अभ्यासक आहेत. श्टुटगार्टचे वास्तुविशारद आणि फ्रायबुर्गचे वनस्पतिशास्त्रज्ञ यांची जोडी गेली अनेक वर्षं जमलेली आहे.

उद्यानात जाण्याआधी कॅथेड्रलभोवतीच्या बाजारात मुक्ताने स्ट्रेलित्झियाचं एक फूल घेतलं. पुण्यात बुकेत सर्रास असणारं हेच बर्ड ऑफ पॅराडाइज. त्याच्या निळ्या बाणासारख्या पाकळीवर पेन्सिलीने वरून हलकेच दाबलं. पाकळी खाली वाकली आणि त्याच क्षणी तिच्या दोन्ही कडा बाजूला उलगडल्या, आत परागकोष दिसले. पेन्सिल उचलली, पुन्हा मिटली. आणखी काही वेळा केलं, प्रत्येक वेळी तेच. आफ्रिकेत पक्षी या पाकळीवर बसतो तेव्हा त्याच्या वजनाने ती उघडते. यात बिजागरी नाही, घासणारा एकही भाग नाही, तेल घालायला नको. एका दिशेचा बाक दुसऱ्या दिशेची हालचाल घडवतो, एवढंच. या जोडीने यावरून सूर्यप्रकाश अडवणाऱ्या पडद्यांची रचना केली, आणि दक्षिण कोरियातल्या येओसू एक्स्पोत 2012 मध्ये एका पॅव्हिलियनच्या दर्शनी भागावर तशा तत्त्वाचे 108 पट्टे बसले, काही तेरा मीटर उंचीचे. पुणे-मुंबईच्या काचेच्या इमारतींवर बसवलेले यांत्रिक लूव्हर, म्हणजे ऊन अडवणाऱ्या फिरत्या पट्ट्या, दोन पावसाळ्यांत बिजागरीपाशी गंजून अडकतात. त्या प्रत्येक इमारतीच्या बैठकीत हे फूल टेबलावर ठेवायला हवं.

उद्यानातलं पॅव्हिलियन 2021 चं. त्याचा धागा जवसाचा. आपण ज्याची चटणी करतो त्याच झाडाच्या खोडातून हा तंतू निघतो. रोबो एका चौकटीवर धागा गुंडाळत जातो, साचा नसतोच. जिथे ताण जास्त तिथे धागे दाट, जिथे कमी तिथे विरळ. निवडुंगाच्या दोन जातींकडून ही मांडणी शिकली: सग्वारो आणि आपल्याकडे फड्या निवडुंग म्हणतात त्या कुळातला ओपुंशिया. निवडुंग वाळून मांसल भाग गळून गेला की आत लाकडाची जाळी उरते, ती मी कोरड्या माळावर पाहिली आहे. इथे तशा जाळीचे पंधरा भाग आहेत, प्रत्येक साडेचार ते साडेपाच मीटर लांब आणि सरासरी 105 किलो वजनाचा. खाली 46 चौरस मीटर सावली मिळते. खालून वर बघताना धाग्यांचा पीळ, त्यांची गर्द तपकिरी झाक, मध्येच चुकार बाहेर आलेलं टोक, सगळं दिसतं. धागा शेतातला असला तरी तो रेझीनमध्ये, म्हणजे राळेसारख्या घट्ट होणाऱ्या द्रवात, भिजवून कडक केलेला आहे. पुढे हे मोडायचं झालं तर धागा आणि रेझीन सहज सुटे होत नाहीत. हा प्रश्न सुटल्याशिवाय याला मी मातीत मिसळणारं बांधकाम म्हणणार नाही. पण विदर्भातल्या जवसाच्या शेतकऱ्याला बियांखेरीज धाग्याचंही मोल मिळेल, ही शक्यता छोटी नाही.

शेवटी विमानतळाजवळच्या तंत्रज्ञान कॅम्पसवर गेलो. 2023 मध्ये तिथे लाकडी पोकळ पेट्यांचं एक घुमटाकार कवच उभं राहिलं. 127 पेट्या, मध्ये एकही खांब नाही. एका विद्यार्थिनीने आत नेलं. माझं लक्ष छपराच्या दक्षिणेकडच्या खिडकीकडे होतं. तिथे सेल्युलोजपासून छापलेल्या पातळ पट्ट्या लावल्या आहेत, एकूण 424. छापताना दोन थर अशा तऱ्हेने घातले आहेत की ओल वाढली की पट्टी वळते आणि कोरडी झाली की सपाट होते. फ्रायबुर्गच्या हिवाळ्यात हवेत आर्द्रता जास्त, तेव्हा पट्ट्या वळून उघडतात आणि ऊन आत येतं. उन्हाळ्यात हवा कोरडी, पट्ट्या मिटतात, सावली होते. मोटर नाही, वायर नाही. सकाळी धुकं होतं, म्हणून पट्ट्या अर्धवट वळलेल्या दिसल्या.

परतीच्या गाडीत मी आणि मुक्ता यावरच बोलत होतो. हेच यंत्र मुंबईत लावलं तर मे महिन्यात, कडक उन्हात, दमट हवेमुळे ते उघडं राहील. म्हणजे नको तेव्हा ऊन. नागपुरात मात्र बरोबर चालेल. एप्रिल-मेच्या कोरड्या फुफाट्यात मिटून राहील, जुलैत ढगाळ, ओल्या हवेत उघडून उजेड देईल. हिवाळ्यात नागपूरची हवा कोरडी असते, तेव्हा हवंसं ऊन अडेल, ते सोसावं लागेल. जीवसृष्टीकडून शिकायचं तर आपल्या हवेत वाढलेल्या वनस्पतींकडूनच शिकावं लागेल. फ्रायबुर्गचं उत्तर आणून कोकणात लावता येणार नाही. आमच्याकडे कोणती वनस्पती ओलीने मिटते आणि कोरड्यात उघडते, याची यादी मुक्ताने फोनवर सुरू केली. सागरगोट्याच्या शेंगेपाशी स्टेशन आलं.

शुक्रवार, नागोल्ड

हॉर्बहून नागोल्ड नदीच्या खोऱ्यातली छोटी गाडी पकडली. नागोल्ड हे ब्लॅक फॉरेस्टच्या काठावरचं गाव. इथल्या 2012 च्या उद्यान प्रदर्शनासाठी फेर्डिनांड लुडविग आणि डानिएल श्योनले यांनी 'प्लाटानेनकुबुस' उभा केला: साधारण दहा मीटर लांब, रुंद आणि उंच असा, चिनाराच्या जातकुळीतल्या प्लेन झाडांचा घन. सुमारे 1,200 रोपं. हा घन बघण्यासाठी मी ही सगळी वाट केली.

रोपं जमिनीत एकावर एक दहा मीटर उंच लावता येत नाहीत, म्हणून पोलादी परांचीवर सहा पातळ्यांवर कुंड्या ठेवल्या आणि त्यांत रोपं लावली. शेजारच्या रोपांची खोडं एकमेकांवर आडवी घालून स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने घट्ट बांधली. काही वर्षांत साल फुटून खोडं एकजीव होतात, खालच्या रोपाचा रस वरच्याला मिळू लागतो. मग वरच्या कुंड्यांतली मुळं हळूहळू कापत जायची, कुंड्या काढायच्या, आणि शेवटी जमिनीतल्या मुळांवर संपूर्ण भिंत जगवायची. खोडं पुरेशी जाड झाली की काही पोलादही काढायचं. भिंत आधी परांचीवर उभी असते, नंतर तिने स्वतःचा भार उचलायचा असतो.

जिन्याने वर गेलो. पानांना पिवळा रंग चढू लागला होता. एका जोडापाशी थांबून मी बराच वेळ बघितलं. दोन मनगटाएवढी खोडं फुलीसारखी एकमेकांवरून गेलेली, आणि जिथे भेटली तिथे सालीची वळी दोन्ही बाजूंनी येऊन बंद झालेली. स्क्रूचं डोकं त्या वळीत जवळजवळ गिळलं गेलं होतं, फक्त चकाकता अर्धा गोल दिसत होता. शेजारच्याच जोडात मात्र साल अजून अलग होती, नख घालण्याइतकी फट. एकाच दिवशी बांधलेले दोन जोड, आणि दोघांचा वेग वेगळा. आत, सावलीच्या बाजूला, काही फांद्या वाळल्या होत्या. वरच्या मजल्यावर मात्र फांद्या कठड्याबाहेर झेपावत होत्या. झाडाला उजेड हवा. आराखड्यात भिंत सगळीकडे सारखी दाट काढता येते, पण झाड ती तशी ठेवत नाही. छाटणी करणारा माळी हा इथे इमारतीचा निम्मा इंजिनियर आहे.

लुडविग आता म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात शिकवतात. फ्रायबुर्गचे श्पेक आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मेघालयातल्या मुळांच्या पुलांवर 2019 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला, 74 पुलांची नोंद करून. खासी आणि जैंतिया लोक ओढ्याच्या काठावर वडाच्या कुळातलं रबराचं झाड लावतात, त्याच्या पारंब्या बांबूच्या किंवा सुपारीच्या खोडाच्या आधाराने पलीकडे नेतात, आणि त्या पलीकडच्या मातीत रुजल्या की पिढ्यान्‌पिढ्या जाड होत राहतात. काही पूल पन्नास मीटरपर्यंत लांब आहेत. जर्मन प्रयोग कितीही कौतुकास्पद असला तरी हे काम खासी माणसांनी आधी केलं आहे, आणि या शोधनिबंधात ते मान्यही केलं आहे याचा मला आनंद झाला. प्लेन झाडाला पारंब्या नाहीत, म्हणून इथे खोडं बांधावी लागली. वडाच्या कुळातली झाडं आपण होऊन हवेतून मुळं सोडतात आणि ती एकमेकांत सहज मिसळतात. हे कुळ आपल्या सह्याद्रीभर आहे.

माझ्याकडे भुदरगडच्या बाजूचं एक काम आहे. शेतातल्या ओढ्यावर पायपूल हवा आहे, सहा-सात मीटरचा. सध्याच्या आराखड्यात लोखंडी आय-बीम आणि काँक्रीटचे पाट आहेत. नागोल्डच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी त्याच आराखड्याच्या कोऱ्या बाजूवर दुसरा काढला. आत्ताचा पूल लाकडी आणि हलका, वीसेक वर्षं टिकेल एवढाच. दोन्ही काठांना रबराची झाडं, आणि पारंब्यांना वाट दाखवायला पोकळ सुपारीची खोडं पुलाखालून. ओढ्याला पूर किती येतो, काठाची माती धरते का, रोपांना गुरं लागतात का, पहिल्या पाच वर्षांत छाटणी आणि बांधणी कोण करणार, आणि त्या माणसाचा पगार अंदाजपत्रकात कुठल्या कलमाखाली घालायचा, हे प्रश्न खाली लिहिले. शेतमालकाला फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, माळ्याचं कलम घाला, बाकी ओढ्याचं मी सांगतो. पंचाण्णव साली पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दाखवतो, या तुम्ही."